कॅमेरा एक, मूल एक, पिशवी एक

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलींनी लग्न ठरताना ही गोष्ट लपवावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी लपवली नाही. त्यामुळे या घरात इस्त्री तापत नसली, नळ गळत असला, दाराची कडी बसत नसली, की सगळे आधी माझ्याकडे बघतात. सासरे तर पाहुण्यांना 'ही आमची फिजिक्सची सून' अशी ओळख करून देतात, जणू केमिस्ट्रीची आणि बायोलॉजीची अशा आणखी दोन आत स्वयंपाकघरात आहेत.

म्हणूनच लेकीकडे आठ दिवस राहायला निघताना अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आपला कॅमेरा माझ्या हवाली केला. रोलवर चालणारा, चाळीस वर्षांचा, वजनाला विटेएवढा. आमच्या घरातलं मूल एक वर्षाचं झालं की त्याच दिवशी अप्पा या कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढतात. एकच. थोरले दीर, नणंद, माझा नवरा, जाऊबाईंची दोन मुलं, असे पाच जण बाहेरच्या खोलीत भिंतीवर ओळीने बसले आहेत. येत्या रविवारी माझी मुलगी एक वर्षाची होणार होती. अप्पा शनिवारी परतणार होते.

"रोल महिन्यापूर्वीच घालून ठेवलाय. छत्तीस फोटोंचा," अप्पा म्हणाले. "तू फक्त रोज दहा मिनिटं कातड्याचं कव्हर उघडून हवा द्यायची. नाहीतर बुरशी धरते. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"तुला सांगायला नको म्हणा."

हा मान मोठा होता. थोरल्या दिरांनी तेविसाव्या वर्षी एकदा त्या कॅमेऱ्याचा नुसता पट्टा धरला होता, त्याबद्दल घरात अजून बोललं जातं. जाऊबाईंना तर कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्लीसुद्धा माहीत नाही. अप्पांची रिक्षा वळेपर्यंत मी कॅमेरा दोन्ही हातांनी धरून दारात उभी होते. माझी मुलगी मागे नवऱ्याच्या कडेवर होती. तिला आम्ही मुकादम म्हणतो, कारण ती दिवसभर रांगत घरातल्या प्रत्येकाचं काम तपासत फिरते.

सोमवारी मी कव्हर उघडलं. अंगठ्याने ओढून फिल्म पुढे सरकवायचा जो खटका असतो, तो अर्ध्यावर बाहेर उभा होता. मला वाटलं, आत असायला हवा. आत ढकलला, जाईना. बाहेर ओढला, येईना. फोटोचं बटण दाबलं, तर 'टक'सुद्धा नाही. किती फोटो झाले ते दाखवणारी एक इवलीशी काच होती, पण ती इतकी वर्षं धुरकटलेली की आतला आकडा सात आहे की सदतीस, ते अप्पाही अंदाजाने सांगत. मी कव्हर लावलं आणि खाली बसले. बिघडलेल्या यंत्राला ज्याचा शेवटचा हात लागतो तो गुन्हेगार, हा नियम न्यूटनने लिहिला नसला तरी आमच्या घरात चालतो.

"काय झालं गं?" आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाजी निवडता निवडता विचारलं.

"कॅमेरा अडकला. माझ्या हातून."

आईंचा हात थांबला. त्या जरा वेळ त्या खटक्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना फोन नको करूस. तिकडे उगाच जिवाला घोर. शनिवारला वेळ आहे. बघू काहीतरी."

मला भरून आलं. अशा सासवा हल्ली कुठे असतात, असं मी आईला, म्हणजे माझ्या खऱ्या आईला, फोन करून सांगितलंसुद्धा. हे वाक्य मी आता परत घेत नाही, पण त्यात थोडी दुरुस्ती आवश्यक आहे. ती पुढे येईल.

मंगळवारी समोरचे काका आले. काका लिफ्ट दुरुस्तीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जगातल्या सर्व वस्तू या मुळात लिफ्टच आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे. मागे आमचा मिक्सर बंद पडला, तेव्हाही त्यांनी 'ओव्हरलोड झाला असेल, किती जण होते?' असं विचारलं होतं.

त्यांनी कॅमेरा कानाला लावला. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय."

"काय?"

"शटर म्हणजे तरी काय पोरी, दरवाजाच. दरवाजा पूर्ण लागला नाही की गाडी हलत नाही. आत ओल धरली असणार. आधी सुकवायची, मग तेल द्यायचं. आणि तोवर 'बंद आहे' अशी पाटी लाव, नाहीतर कोणीतरी बटण दाबत बसतो."

पाटी त्यांनीच लावली. ओल काढायचं काम काकूंनी अंगावर घेतलं. त्यांच्या भाच्याचा फोन पाण्यात पडला होता तो तांदळाच्या डब्यात ठेवून बरा झाला होता, म्हणून कॅमेरा तांदळाच्या डब्यात गेला. पाटीसकट. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा काकांनी शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले. लिफ्टला चार लिटर लागतं, त्या हिशोबाने हे कमीच होतं म्हणे. खटका तसाच. फक्त आता कॅमेरा हलवला की आत खुळखुळ वाजत होतं.

"हे आधी वाजत होतं का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग सुधारणा आहे," काका म्हणाले आणि घरी गेले.

बुधवारी नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. त्याच्याकडे एक स्क्रूड्रायव्हरचा संच आहे, छोट्या छोट्या बारा टोकांचा, लोहचुंबकाचा. तो लग्नात आला होता. तीन वर्षं तो संच घरात कधी काय बिघडतंय याची वाट बघत होता. किंवा नवरा बघत होता.

"खालची पट्टी उघडून फक्त बघायचंय," तो म्हणाला. "चार तर स्क्रू आहेत."

मी म्हटलं, बशीत ठेव. तो म्हणाला, बशीतच ठेवतोय. पट्टी उघडली. आत दातेरी चाकं होती, ती आम्ही दोघांनी आदराने बघितली. "चाकं आहेत," नवरा म्हणाला. "हो," मी म्हटलं. मग पट्टी परत लावायला घेतली, तर बशीत स्क्रू तीन.

आणि बशीशेजारी मुकादम बसली होती. तोंड हलवत.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. बिस्किट निघालं. पण बिस्किट निघालं याचा अर्थ स्क्रू गेला नाही असा होत नाही, हे कुठल्याही आईला कळतं. फक्त नवऱ्याला कळत नाही. दहाव्या मिनिटाला मी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात होते. एका हातात मुलगी, दुसऱ्यात नमुन्यासाठी उरलेल्या तिनातला एक स्क्रू, कागदात गुंडाळून.

डॉक्टरांनी मुलीचं पोट दाबून पाहिलं. मुलीने डॉक्टरांचं पोट दाबून पाहिलं. मग त्यांनी स्क्रू उजेडात धरला. "हा एवढासा? ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे. आणि तिने गिळला हे पाहिलंय कोणी?"

"नाही. पण ती तिथे होती."

"तुमचे मिस्टरही तिथे होते ना? त्यांना तपासलंत?"

मी मुलीचा फ्रॉक सारखा केला. "दोन दिवस लंगोट बघा," ते म्हणाले, "काळजीचं काही नाही." खोकणाऱ्या पुढच्या मुलाला आत घेताना त्यांच्या मदतनीस बाईंनी नमुना चिकटपट्टीने माझ्या केसपेपरवर चिकटवला आणि केसपेपर फाइलमध्ये घातला. फाइल कपाटात गेली. ती परत मागायचं मला घरी पोचल्यावर सुचलं.

म्हणजे आता स्क्रू दोन. आणि मी त्या रात्री मुलीचे लंगोट ज्या एकाग्रतेने तपासले, तेवढी प्रॅक्टिकलला दाखवली असती तर पहिला वर्ग सुटला नसता. गिळलेला स्क्रू शेवटी गुरुवारी सकाळी सापडला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला, संचाच्या पेटीत, चुंबकाला घट्ट चिकटून. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं हा संच चांगला आहे."

या चार दिवसांत आई मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. उलट रोज सकाळी विचारत, "सरकला का गं खटका?" आणि सरकला नाही म्हटलं की माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा पडे.

गुरुवारी मी शेवटचा उपाय केला. आमच्या जुन्या कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, एक मिस्त्री आहेत. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, सगळं तेच उघडतात आणि, नवऱ्याच्या उलट, बंदही करतात. आईंना गुडघ्यामुळे मुलीमागे धावता येत नाही, म्हणून मी मुलीला घेऊन निघाले.

फाटकावर पहारेकरी होता. मागच्या वर्षी प्रयोगशाळेतली एक दुर्बीण पायी चालत निघून गेली म्हणे, तेव्हापासून आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा पास करायचा हुकूम होता. पहारेकऱ्याने वही उघडली. "काय काय नेताय, ताई?"

"कॅमेरा."

त्याने लिहिलं: कॅमेरा एक. मग माझ्या कडेकडे बघून लिहिलं: मूल एक. मग खांद्याकडे बघून: पिशवी एक. मी हसले. तो हसला नाही. त्याने शिक्का मारला.

मिस्त्रींनी कॅमेरा हातात घेतला, हलवला, ऐकला. "आत काय आहे?"

"तांदूळ असेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"बहुतेक एकच."

"आणि हा तेलाचा वास?"

मी लिफ्टबद्दल सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी हात वर केला. आत फिल्म आहे म्हणजे उघडायला अंधारी खोली हवी, ती आज परीक्षेला दिलीय, ठेवून जा, उद्या या, असं ते म्हणाले. मी ठेवून निघाले.

फाटकावर पहारेकऱ्याने पास मागितला. "पासावर नग तीन आहेत. बाहेर दोनच चाललेत."

"कॅमेरा दुरुस्तीला ठेवलाय."

"मग पास पुरा होत नाही. पास एकच आहे, सगळे नग एकदम बाहेर यायला पाहिजेत. अर्धा माल सोडता येत नाही."

"अहो, मग मी काय करू?"

"तुम्ही जाऊ शकता," तो सहानुभूतीने म्हणाला. "तुमचं नाव पासावर नाही."

मी त्याला समजावलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने मुलीला बसायला आपली खुर्ची दिली, आपली शिट्टी दिली, पण बाहेर सोडायला तयार होईना. उद्या कॅमेरा तयार झाला की दोन्ही एकदमच न्या, असं त्याने सुचवलं. रात्री ड्यूटीवर येणाऱ्यालाही घरी दोन नाती आहेत, काळजी करू नका. शेवटी म्हणाला, विभागप्रमुखांचं पत्र आणा.

विभागप्रमुख म्हणजे आमचेच जुने सर. मला वाटलं ओळखणार नाहीत. ओळखलं. "प्रिझम फोडलास ती तूच ना?" त्यांनी विचारलं. चारचौघांत. मुलीदेखत. मी हो म्हटलं, कारण पत्र हवं होतं. सरांनी जन्मभर जडवस्तूंबद्दलच पत्रं लिहिली होती, त्यामुळे याही पत्राला हात अडखळला नाही: 'सोबतचे मूल (एक) ही महाविद्यालयाची मालमत्ता नसून ते दुरुस्तीसाठी आलेले नव्हते. सबब ते चालू स्थितीत परत नेण्यास हरकत नाही.'

पहारेकऱ्याने ते दोनदा वाचलं. "चालू स्थिती बघावी लागेल," तो म्हणाला आणि मुलीच्या हातातली शिट्टी काढून घेतली. तिने असा सूर लावला की दोन मजल्यांवरचे वर्ग खिडकीत आले. त्याने पासावर लिहिलं: चालू आहे.

शुक्रवारी मुलीला काकूंकडे ठेवून एकटी गेले. अंधाऱ्या खोलीतून मिस्त्री बाहेर आले ते हातात तीन गोष्टी घेऊन. एका कागदावर तांदळाचा एक दाणा. एका हातात कॅमेरा. त्याला स्क्रू चारही, त्यातला एक जुन्या वर्णपटमापकाचा. आणि दुसऱ्या हातात फिल्मची डबी.

"कॅमेऱ्याला काही झालेलंच नव्हतं," ते म्हणाले. "रोल संपला होता. छत्तिसावा फोटो काढून कोणीतरी पुढे ओढायला गेलं, फिल्म उरली नव्हती, खटका अर्ध्यावर थांबला. बास. खालचं बटण दाबून रोल गुंडाळला की सुटतो. हे बघा." टक. "बाकी मी जे दुरुस्त केलं तो आजार नव्हता, तुमचे उपचार होते."

"पण रोल नवा होता. एकही फोटो काढलेला नव्हता."

"छत्तीस काढलेत. हवं तर धुऊन देतो, मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी औषध कालवलेलंच आहे."

तासाभराने ओली फिल्म खिडकीत धरून मी बघत होते. सगळं उलटं, काळ्याचं पांढरं, पण आपली माणसं आपल्याला कळतात. मी, दुपारची, तोंड उघडं टाकून झोपलेली. बनियनवर झाडांना पाणी घालणारे काका. नवऱ्याची पाठ. कुकर. परत कुकर, जवळून. मुकादम पलंगाखाली, मुकादम बादलीत, मुकादम, मुकादम. आणि एकतिसाव्या फोटोत कपाटाचा आरसा, आरशात अप्पांचा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या वर, अंबाडा.

बाहेर पडताना पहारेकऱ्याने फिल्मची डबी बघून विचारलं, "ही आत कधी गेली?" मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या पोटात होती. त्याने लिहिलं, 'पोटातून निघालेली वस्तू: एक', आणि हळूच विचारलं, "बाळ बरंय ना?"

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होत्या. मी फिल्म उजेडासमोर धरली. त्यांनी एकदा पाहिलं आणि कणकेला आणखी दोन गुद्दे दिले.

"चाळीस वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर 'हलू नकोस, हलू नकोस' ऐकतेय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी, कुठे दाबल्यावर माणूस असं वागायला लागतो. हे दुपारी झोपले की काढत होते. मग हे जायच्या आदल्या दिवशी तो खटका अडकला. मला वाटलं, मोडला माझ्या हातून. तसाच कव्हरात घालून ठेवला."

"आणि मी सोमवारपासून धावतेय ते? तांदूळ, डॉक्टर, फाटक?"

"तेव्हा सांगणारच होते. पण तूच म्हणालीस ना, माझ्या हातून झालं म्हणून. इतक्या खात्रीने म्हणालीस. म्हटलं, शिकलेली आहे, तिला माहीत असेल."

पण खरी पंचाईत पुढेच होती. मिस्त्री म्हणाले होते, असा रोल आता मागवावा लागतो, यायला तीन आठवडे. म्हणजे कॅमेरा ठणठणीत आणि रविवारी आत फिल्म नाही. आईंनी माझ्याकडून वचन घेतलं की त्यांचं नाव सांगायचं नाही. बाकीचं मी अप्पांना शनिवारी दारातच सांगणार होते, वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पण अप्पा पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "कॅमेरा तुझ्याकडे होता, म्हणून आठ दिवस निर्धास्त झोपलो बघ." पाठ केलेलं वाक्य गिळावं लागलं. ते स्क्रूपेक्षा मोठं होतं.

रविवारी सगळे जमले. थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, समोरचे काका. मुलीला नवा फ्रॉक घालून स्टुलावर बसवलं. अप्पांनी कॅमेरा उचलला आणि खटका ओढला. मिस्त्रींनी मला दाखवलं होतं, आत फिल्म असली की खटक्याबरोबर डावीकडची एक चकती फिरते. चकती फिरली नाही. मी अप्पांकडे बघत होते. अप्पा चकतीकडे बघत होते.

त्यांनी परत ओढलं. चकती ढिम्म. त्यांनी खोलीभर जमलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "सगळे बाजूला व्हा. उजेड अडतोय."

आणि रिकाम्या कॅमेऱ्याने त्यांनी फोटो काढला. नेहमी एक काढतात. त्या दिवशी तीन काढले. काका म्हणाले, "गाडी काय मस्त चालतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला गॅलरीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "सूनबाई, कोणाला सांगू नकोस. मी रोल घालायलाच विसरलो गं. घातल्याचं अगदी स्पष्ट आठवतंय, आणि आत काही नव्हतं. हे काही बरं लक्षण नाही."

आठवडाभर मी कॅमेऱ्यासाठी घाबरले होते. आता वाटलं, घाबरायची खरी जागा ही होती. "अप्पा, तुम्ही काही विसरला नाहीत," मी म्हटलं. "रोल होता. छत्तीसच्या छत्तीस फोटो कोणीतरी काढले. कोणी, ते विचारू नका, मी शब्द दिलाय." आणि मिस्त्रींनी कागदावर छापून दिलेला एक फोटो त्यांच्या हातात ठेवला.

फोटोत मुकादम खिडकीसमोर, पहिल्यांदाच आधाराशिवाय उभी आहे. चेहरा जरा सावलीत, जीभ बाहेर, हात सरळ कॅमेऱ्याकडे, आणि केसांच्या कडेकडेने उजेडाची एक रेघ.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, लावला. बराच वेळ बघितलं. "तारीख?" त्यांनी विचारलं.

"अकरा दिवस आधीची."

त्यांनी खिशातून पेन काढून फोटोमागे लिहिलं: 'एक वर्ष, वजा अकरा दिवस.' मग ते बाहेरच्या खोलीत आले, हातोडी आणि खिळा घेतला, आणि फोटो भिंतीजवळ लांब धरून, कोणाशीच न बोलता पण स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फोटो चांगला आहे. पण खिडकी पाठीमागे ठेवली की चेहरा काळवंडतो. नवशिके हीच चूक करतात."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"चूक नाही ती," आतून आई म्हणाल्या. "केसांवर उजेड हवा होता. मुद्दाम ठेवली होती."

अप्पांनी हातोडी खाली घेतली.

"मग खिळा कुठे ठोकू," ते म्हणाले, "तेही तूच येऊन सांग."